नकोसे विचार आणि दूर ठेवलेले बाळ : प्रसूतीनंतरच्या ओसीडीचे एक प्रकरण

ओसीडी म्हणजे नकोसे विचार पुन्हापुन्हा येणे आणि त्यांची भीती घालवण्यासाठी त्याच त्या कृती करत राहणे, असा आजार. हे प्रकरण संबंधित स्त्रीच्या संमतीने मांडले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उपचारांतले निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

पार्श्वभूमी

तिशी नुकतीच ओलांडलेली एक स्त्री. पहिलेच बाळ. गर्भारपण आणि प्रसूती दोन्ही सुरळीत, बाळाची तब्येत उत्तम. घरी नवरा आणि सासूबाई. बाळ अडीच महिन्यांचे असताना नवरा तिला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन आला आणि म्हणाला, "ती बाळाजवळ जायलाच तयार नाही. रात्रभर जागी असते, रडते. डिप्रेशन असेल का?"

त्याआधी दोन ठिकाणी जाऊन झाले होते. एका डॉक्टरांनी झोपेसाठी क्लोनाझेपाम दिले होते. एका समुपदेशकाने मनगटाला रबरबँड बांधायला सांगितला होता. वाईट विचार आला की तो ओढून सोडायचा आणि मनात "थांब" म्हणायचे. पण नेमका कोणता विचार येतो, हे दोन्ही ठिकाणी कोणी विचारले नव्हते आणि तिनेही सांगितले नव्हते. तिच्या दृष्टीने ते सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखे होते.

विचार सुरू झाले ते प्रसूतीनंतर तिसऱ्या आठवड्यात. बाळाला आंघोळ घालताना अचानक मनात आले, "याला आत्ता पाण्याखाली दाबून धरलं तर?" तिच्या हातापायांतले बळच गेले. दुसऱ्या दिवशी तोच विचार पुन्हा आला. मग भाजी चिरताना सुरी दिसली की बाळ डोळ्यांपुढे येऊ लागले, जिन्यात बाळ कडेवर असले की ते खाली भिरकावल्याचे चित्र. त्या प्रत्येक विचारानंतर तिने एकेक गोष्ट सोडली. आधी आंघोळ, मग सुरीला हात लावणे, मग बाळाला घेऊन जिना उतरणे. शेवटी बाळासोबत एकटीने एका खोलीत थांबणेही. दूध पाजतानासुद्धा कोणीतरी समोर बसलेले लागे.

सासूबाईंनी बाळाचे सगळे अंगावर घेतले. "तू आराम कर गं, मी आहे ना," असे त्या मनापासून म्हणत. नवरा दिवसातून कितीतरी वेळा तिला समजावे, "तू असं काही करूच शकत नाहीस." घरातल्या प्रत्येकाने जे शक्य होते ते प्रेमाने केले. आजार मात्र वाढतच गेला, आणि तो का वाढला हे समजून घेण्यावरच पुढचे सगळे अवलंबून होते.

प्रश्न काय होता

पहिल्या मुलाखतीत तज्ज्ञांनी नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर तिला सांगितले, "बाळंतपणानंतर पुष्कळ आयांच्या मनात बाळाला इजा होण्याचे, अगदी आपल्याच हातून इजा होण्याचे नकोसे विचार येतात. तुमच्या मनात असं काही येतं का?" ती आधी बराच वेळ गप्प राहिली, आणि मग सगळे बोलली.

मला या प्रश्नाची रचना फार महत्त्वाची वाटते. "तुम्हाला बाळाला इजा करावीशी वाटते का?" असे विचारले असते तर तिने "नाही" म्हटले असते, आणि ते उत्तर खरेच होते. करावेसे वाटणे आणि करण्याची भीती वाटणे यांतला फरक प्रश्नातच यावा लागतो. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी एडिंबरा प्रश्नावली १९८७ ची आहे. तिच्यात दहा प्रश्न आहेत आणि शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. बाळाविषयीच्या नकोशा विचारांबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. म्हणजे प्रश्नावली प्रामाणिकपणे भरली तरी या स्त्रीचा मुख्य त्रास कागदावर आलाच नसता.

असे विचार दुर्मीळही नाहीत. रॅकमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते की ओसीडी नसलेल्या बहुसंख्य माणसांच्या मनातही आशयाने तसेच नकोसे विचार येतात. निकोल फेअरब्रदर आणि शीला वुडी यांनी २००८ मध्ये नव्या आयांचा अभ्यास केला. बाळाला अपघाताने काही होईल हा विचार जवळजवळ सर्वच आयांना आला होता, आणि आपण मुद्दाम इजा करू असा नकोसा विचार सुमारे निम्म्या आयांना. बहुतेकींच्या मनात तो येतो आणि जातो. ओसीडीत त्याला अर्थ चिकटतो : "मला असा विचार आला, म्हणजे मी तशी असणार." पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये ज्या फुगलेल्या जबाबदारीच्या भावनेबद्दल लिहिले, तीच इथे दिसत होती. विचार आला आणि आपण खबरदारी घेतली नाही, तर होणाऱ्या अनर्थाला आपणच जबाबदार, असे तिला वाटत होते.

पहिला निर्णय : बाळाला धोका आहे का?

हा निर्णय चुकला तर दोन्हीकडून नुकसान होते. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटणारा गंभीर मनोविकार, हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना होतो. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने सुरू होतो आणि त्यात आई व बाळ दोघांच्या जिवाला खरोखर धोका असू शकतो. ती आणीबाणी आहे, तिथे ताबडतोब रुग्णालय. ओसीडीत मात्र आईला बाळापासून तोडणे म्हणजे तिच्या भीतीवर अधिकृत शिक्का मारणे.

उपचारगटाने काही गोष्टी नीट तपासल्या. हे विचार तिला कसे वाटतात? भयंकर, किळसवाणे, परके. ते येऊ नयेत म्हणून ती काय करते? बाळापासून दूर राहते. बाळाबद्दल काही विचित्र समजूत आहे का, ते बदलले आहे, त्याच्यात काही शिरले आहे, असे वाटते का? नाही. आवाज ऐकू येतात का? नाही. बोलण्यात गोंधळ, न झोपताही अंगात उत्साह, मनःस्थितीचे तीव्र हेलकावे? नाही. घराण्यात कोणाला बायपोलर आजार, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार? नाही. शेवटचा प्रश्न दोन कारणांनी महत्त्वाचा होता. बाळंतपणानंतरच्या सायकोसिसचे बायपोलरशी घट्ट नाते आहे, आणि बायपोलर असताना नुसते नैराश्यविरोधी औषध दिले तर उन्माद उफाळू शकतो. थायरॉइडची तपासणीही केली, ती ठीक आली. किशोरवयात ती दाराची कडी आणि गॅसचे बटण पुन्हापुन्हा तपासत असे, हेही याच वेळी कळले. तेव्हा कोणी त्याला आजार मानले नव्हते.

निदान ठरले : ओसीडी, सोबत मध्यम तीव्रतेचे नैराश्य. ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मापनपट्टीवर तिला ४० पैकी २८ गुण होते. २४ ते ३१ ही तीव्र आजाराची पातळी.

एक धोका मात्र खराखुरा निघाला, आणि तो बाळाला नव्हता. "मी नसले तर बाळ सुरक्षित राहील," असे ती एकदा म्हणाली. सगळ्यांच्या नजरा बाळावर होत्या, तिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. तज्ज्ञांनी आत्महत्येबद्दल तिला सरळ विचारले. काही योजना किंवा तयारी नव्हती. नवऱ्याला विश्वासात घेतले, घरातल्या गोळ्या त्याच्या ताब्यात दिल्या आणि विचार तीव्र झाले तर कोणाला फोन करायचा, कुठे जायचे हे लिहून दिले.

याच टप्प्यावर गटात मतभेद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की प्रत्येक भेटीत बाळाच्या सुरक्षिततेची सविस्तर चौकशी व्हावी. त्यामागची काळजी समजण्यासारखी होती. पण ज्या शंकेने ती पोखरली गेली आहे, तीच शंका डॉक्टरांनी दर आठवड्याला विचारली तर ती काय समजेल? म्हणून एकदा पूर्ण मूल्यमापन करून ते नोंदवले, दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांचे मत घेतले आणि त्यानंतर फक्त चित्र बदलल्याच्या खुणांवर लक्ष ठेवायचे ठरवले : विचित्र समजुती, आवाज, गोंधळ, झोपेची गरजच न वाटणे. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत धीराचा निर्णय होता.

कोणते पर्याय समोर होते

रुग्णालयात दाखल करणे. आत्महत्येची योजना नव्हती, घरी आधार होता, सायकोसिस नव्हता. हा पर्याय बाजूला ठेवला, पण बंद केला नाही.

आहे तेच चालू ठेवणे, म्हणजे झोपेची गोळी आणि विचार थांबवण्याचा सराव. विचार दाबण्याचे काय होते, हे डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगाने दाखवले आहे. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात तो येतच राहिला, आणि बंदी उठल्यावर तर आधीपेक्षा जास्त आला. रबरबँडने तिचे हेच झाले होते : विचार येतोय का हे पाहण्यासाठी ती दिवसभर मनावर पहारा देत होती. क्लोनाझेपामने मूळ आजार हटत नाही, शिवाय रात्री दूध पाजणाऱ्या आईला गुंगी आणणारे औषध चालू ठेवणे योग्य नव्हते. ते हळूहळू कमी करून बंद करायचे ठरले. एकदम बंद करणे धोक्याचे असते.

फक्त औषध. ओसीडीत एसएसआरआय या नैराश्यविरोधी गटातली औषधे उपयोगी पडतात, पण नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत. पूर्ण परिणाम कळायला आठ ते बारा आठवडे लागतात.

फक्त मानसोपचार. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे ईआरपी, ही ओसीडीसाठी सर्वांत भक्कम पुरावा असलेली पद्धत. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवर ती यशस्वी झाल्याचे नोंदवले, तोपर्यंत ओसीडी बरा न होणारा आजार समजला जाई. भीती ज्याने चाळवते त्या गोष्टीला ठरवून सामोरे जायचे आणि भीती घालवण्यासाठीची कृती करायची नाही, हा तिचा गाभा. एडना फोआ आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या चाचणीत उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी ईआरपीने ८६ टक्के, क्लोमिप्रॅमिन या नैराश्यविरोधी औषधाने ४८ टक्के, दोन्ही मिळून ७९ टक्के आणि दिखाऊ गोळीने १० टक्के लोकांना लक्षणीय फायदा झाला.

हे आकडे पाहिले तर फक्त ईआरपी पुरेशी होती असे वाटेल. पण चाचणीतला सरासरी रुग्ण आणि समोर बसलेली बाई यांत अंतर असते. ही बाई धड झोपत नव्हती, जगणे नकोसे झाल्याचे बोलत होती. ईआरपीसाठी लागणारी उभारी तिच्यात उरली नव्हती. ब्रिटनमधल्या नाइस या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वेही तीव्र आजारात दोन्ही उपचार एकत्र सुचवतात. म्हणून दोन्ही ठरले.

स्तनपानाबद्दल तिला फार काळजी होती. सर्ट्रालीन हे एसएसआरआय औषध आईच्या दुधात अत्यल्प उतरते आणि स्तनपान करणाऱ्या आयांसाठी ते पसंतीच्या औषधांपैकी एक आहे, हे तिला समजावले. बाळ पूर्ण दिवसांचे आणि निरोगी होते. बालरोगतज्ज्ञांना कळवून औषध सुरू केले : आधी २५ मिलिग्रॅम, मग ५०.

काय केले

उपचाराची सुरुवात समजावण्याने झाली, आणि त्या बैठकीत नवरा व सासूबाई दोघेही होते. मानसशास्त्रज्ञांनी फळ्यावर एक वर्तुळ काढले. विचार येतो, भीती उसळते, ती बाळापासून दूर जाते किंवा "मी काही केलं नाही ना?" असे विचारते, भीती क्षणभर उतरते, आणि मेंदू शिकतो की संकट टळले ते दूर गेल्यामुळे. पुढच्या वेळी विचार अधिक जोरात येतो. सासूबाईंनी ते पाहून विचारले, "म्हणजे मी बाळ घ्यायला धावते, तेच तिला नडतंय?" कोणी त्यांना दोष दिला नव्हता, त्यांना ते स्वतःहून उमगले. या घरात बदल शक्य आहे, हे गटाला तेव्हा जाणवले.

नवऱ्याला एक वाक्य ठरवून दिले. तिने खात्री मागितली की म्हणायचे, "हा प्रश्न आजार विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही. पण मी तुझ्याजवळ आहे." पहिल्या आठवड्यात त्याला ते फार जड गेले. रडणाऱ्या बायकोला "तू चांगली आई आहेस" असे न म्हणणे त्याला निष्ठुरपणाचे वाटे. म्हणून खात्री एका झटक्यात बंद न करता आधी दिवसाला ठरावीक वेळा, मग आणखी कमी, असे उतरवत नेले.

मग भीतीची उतरंड केली. तळाशी सोप्या गोष्टी : "सुरी" हा शब्द लिहिणे, बाळ शेजारच्या खोलीत असताना भाजी चिरणे. मधे बाळासोबत दार लावून दहा मिनिटे एकटे बसणे, त्याला घेऊन जिना उतरणे. अगदी वर आंघोळ, घरात कोणी नसताना. एक नियम पक्का होता : कोणतीही काळजीवाहू आई रोज करते त्याच्या पलीकडे काहीही करायचे नाही. बाळाला धोका होईल असे एक्स्पोजर कधीच नसते. जे धोक्याचे वाटते पण नसते, तेच निवडायचे.

पहिले काही आठवडे प्रगती चांगली झाली. मग गाडी अडली. ती आता सासूबाई बाहेरच्या खोलीत असताना बाळाला आंघोळ घालत होती, रोज, न चुकता. तरी भीती तसूभर कमी होत नव्हती. सर्ट्रालीन तोवर १०० मिलिग्रॅमवर होते. इथे तीन मार्ग दिसत होते : औषध आणखी वाढवणे, जोडीला रिस्पेरिडोनसारखे, मुख्यतः सायकोसिसवर वापरले जाणारे दुसरे औषध देणे, किंवा ईआरपीतच काय बिनसले हे शोधणे. दुसऱ्या मार्गाबद्दल पुरावा स्पष्ट आहे. ब्लेअर सिम्पसन यांच्या २०१३ च्या अभ्यासात एसएसआरआयने पुरेसा गुण न आलेल्यांना ईआरपीची जोड दिली तेव्हा ८० टक्क्यांना फायदा झाला, रिस्पेरिडोनने २३ टक्क्यांना आणि दिखाऊ गोळीने १५ टक्क्यांना. म्हणून दुसरे औषध लगेच जोडले नाही. मात्रा वाढवून १५० केली आणि एका बैठकीत फक्त एवढेच विचारले : आंघोळ संपल्यानंतरच्या तासाभरात तुमच्या मनात काय चालते?

उत्तर अडखळत आले. ती मनातल्या मनात सगळी आंघोळ पुन्हा पाहत असे. कुठला हात कुठे होता, पाणी तोंडावर गेले का, आपण एक क्षण जास्त दाबले का. शेवटपर्यंत सगळे "नीट" दिसले की मगच उठायची. कधी ही उजळणी दीड तास चाले. म्हणजे हातांनी एक्स्पोजर होत होते आणि मन गुपचूप तपासणी करत होते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. ओसीडीत अनिवार्य कृती म्हटले की सगळ्यांना हात धुणे आठवते, पण कितीतरी जणांची कृती पूर्णपणे मनात घडते, आणि ती सापडली नाही तर उपचार अपयशी ठरले असा निष्कर्ष निघतो.

मग योजना बदलली. आंघोळीनंतर उजळणी सुरू झाली की तिने मनाशी म्हणायचे, "कदाचित मी चुकले असेन, कदाचित नसेन. मला कळणार नाही." आणि लगेच पुढच्या कामाला लागायचे. हेच वाक्य मनाला शांत करण्याचा नवा मंत्र बनू नये म्हणून ते पुढे बदलत राहिले. सोबत तिने तिच्या सर्वांत भयंकर विचाराचे वर्णन स्वतःच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि ते रोज ऐकले. पहिल्यांदा ऐकताना ती थरथरत होती. काही दिवसांनी तिने सांगितले की ऐकता ऐकता तिचे लक्ष दुसरीकडेच जाते. भीती शून्यावर यावी हे ध्येय नव्हतेच. मिशेल क्रास्के यांच्या मांडणीनुसार एक्स्पोजरमध्ये जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवे शिक्षण उभे राहते : विचार आला, भीती वाटली, मी काहीच खबरदारी घेतली नाही, आणि तरी मी होते ती आईच राहिले.

सासूबाई सर्वांत शेवटी दूर झाल्या. आधी बाहेरच्या खोलीत, मग घराबाहेर अर्धा तास, मग दुपारभर.

निकाल

साडेचार महिन्यांनी येल-ब्राउन मापनपट्टीवर गुण ११ झाले, म्हणजे सौम्य पातळी. नैराश्य उतरले, जगणे नकोसे वाटणे थांबले. बाळाचे बहुतेक सगळे तीच करू लागली. विचार अजूनही येत होते, विशेषतः झोप कमी झाली की. ती त्यांना "आलास का?" म्हणे आणि हातातले काम चालू ठेवी.

बाळ आठ महिन्यांचे असताना त्याला ताप आला, दोन रात्री जागरण झाले आणि तपासणी परत सुरू झाली. या वेळी ती स्वतःच आली. दोन जादा बैठका आणि खात्री न देण्याच्या नियमाची उजळणी एवढे पुरले. औषधाची मात्रा वाढवली नाही. बरे वाटल्यानंतर किमान बारा महिने ते चालू ठेवायचे, आणि नंतर हळूहळू, देखरेखीखाली कमी करायचे ठरले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, योग्य प्रश्न दोन महिने लवकर विचारता आला असता. प्रसूतीनंतरच्या तपासण्यांत बाळाचे वजन, टाके, दूध सगळे विचारले जाते. नकोशा विचारांबद्दलच्या दोन वाक्यांना एक मिनिटही लागत नाही. ते कोणीच विचारले नाही, आणि तेवढ्या अवधीत टाळाटाळ घरभर पसरली.

मनातल्या कृतींची यादी उपचाराच्या पहिल्याच बैठकीत करायला हवी होती. दिसणाऱ्या कृतींची उतरंड तपशीलवार झाली, न दिसणाऱ्यांसाठी "आणखी काही?" एवढाच प्रश्न झाला. "घटना संपल्यावर मनात काय करता, मोजता का, आठवून पाहता का, एखादे वाक्य म्हणता का," असे उदाहरणांसकट विचारले असते तर अडलेले आठवडे वाचले असते.

झोपेचे नियोजन उशिरा झाले. रात्रीचे एक दूध नवऱ्याने बाटलीने द्यायचे आणि तिने सलग पाच तास झोपायचे, हा बदल सहाव्या आठवड्यात झाला. तो पहिल्याच दिवशी करता आला असता. टाळाटाळ वाढेल या भीतीने गट कचरला होता. पण थकव्यापोटी कामे वाटून घेणे आणि भीतीपोटी काम सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कुटुंबाला हा फरक नीट सांगितला तर तो कळतो.

औषधाच्या वेगाबद्दल मला खात्रीने एक बाजू घेता येत नाही. १०० वर काही आठवडे थांबल्यामुळे दुष्परिणाम नीट पाहता आले, पण तीव्र आजारात मात्रा थोडी लवकर वाढवली असती तरी चालले असते. त्याच आठवड्यात ईआरपीतही बदल झाल्याने पुढच्या सुधारणेचे श्रेय कशाला किती, हे वेगळे काढता येत नाही.

दुसऱ्या बाळाचा विचार तिने बैठका संपण्याआधीच बोलून दाखवला. त्यासाठीची योजना तिच्या फाइलमध्ये आहे : गर्भधारणेआधी औषधाबद्दल चर्चा, शेवटच्या तिमाहीत एक भेट, प्रसूतीनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात ओसीडीची तपासणी, आणि पहिल्या दिवसापासून आंघोळ तिनेच घालायची.